व्याह्यांच्या लॅबमध्ये कोण बाटली देणार?

मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून मला एकोणीस वर्षं झाली. लोक औषधं घेऊन जातात आणि किस्से माझ्याकडे टाकून जातात. औषधांना निदान एक्स्पायरी डेट तरी असते. माहेरी गेले की भावजया जेवणं आटोपून माझ्याभोवती बसतात, "सांगा ना ताई दुकानातलं काहीतरी." मी सांगते, त्या हसून हसून लोळतात आणि मी मात्र सांगता सांगता तापत जाते. कारण खरं सांगायचं तर यातला एकही किस्सा मला घडताना विनोदी वाटलेला नाही.

आमचं मेडिकल धुळ्यात आहे. भिंतीवर टांगलेलं फार्मसिस्टचं सर्टिफिकेट माझं आहे आणि त्यावर ज्या बाईचा फोटो आहे तीच बाई काउंटरवर उभी असते. हे मुद्दाम सांगावं लागतं, इतकी वाईट परिस्थिती आहे.

माझा राग एका साध्या गोष्टीवर आहे. शुगर असलेल्या माणसाची किडनी हळूहळू खराब होऊ शकते आणि ती दुखत नाही, खुपत नाही. वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासलं तर ते वेळेवर कळतं. रक्त लोक देतात. लघवी म्हटलं की यांना एकदम कामं आठवतात.

यातले पहिल्या नंबरचे आरोपी म्हणजे आबा. आबा आमच्या गाळ्याचे मालक. एसटीत ड्रायव्हर होते, धुळे-शिरपूर गाडीवर. आता रिटायर. चौदा वर्षांची शुगर, सोबत बीपी, सोबत गुडघे. दुकानाच्या मागेच घर, त्यामुळे रोज सकाळी पेपर घेऊन माझ्या काउंटरजवळच्या स्टुलावर येऊन बसतात आणि माझ्या गिऱ्हाइकांना फुकट सल्ले देतात. या चौदा वर्षांत आबांनी एकदाही लघवी तपासलेली नाही. दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते. या माणसाची किडनी वाचवायची, असं मी मनाशी धरूनच बसले होते.

*

मी अशी भांडकुदळ कशी झाले, ते आधी सांगते.

कॉलेज संपल्यावर पहिली नोकरी जळगावला एका मोठ्या मेडिकलमध्ये लागली. तिथे पहूरहून एक गुरुजी यायचे. शाळेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. शुगरच्या गोळ्या घ्यायचे आणि सोबत दुखण्याच्या गोळ्यांची तीन पानं. कंबरेसाठी. दर महिन्याला तीन पानं. शेठ मान हलवायचा, मी काढून द्यायची.

शुगरच्या माणसाने या गोळ्या अशा चण्याफुटाण्यासारख्या खाल्ल्या तर किडनीची वाट लागू शकते, हे मला परीक्षेत लिहिता येत होतं. दहा मार्कांना लिहिलंही होतं. काउंटरवर मात्र तोंड उघडलं नाही. गुरुजी शेठजवळ माझं कौतुक करायचे, "ही मुलगी फार चटपटीत. उगाच प्रश्न विचारत बसत नाही."

मग सात-आठ महिने गुरुजी आले नाहीत. आले ते मुलाच्या खांद्याला धरून. पाय सुजलेले, चेहरा पिठासारखा. आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू झालं होतं. काउंटरशी आले, इकडे-तिकडे बघितलं आणि हळूच मला म्हणाले, "डॉक्टर खोदून खोदून विचारत होते, या गोळ्या कोणत्या दुकानातून घ्यायचात म्हणून. काळजी करू नको. मी तुझं नाव सांगितलं नाही."

त्या दिवसापासून मी प्रश्न विचारते. प्रत्येकाला विचारते. कोणाला आवडो न आवडो.

*

आवडत नाहीच कोणाला.

एक साहेब आहेत, मोठ्या पदावर. गाडी दुकानासमोर लावतात, खाली उतरत नाहीत, काच खाली करून हॉर्न वाजवतात. एकदा हॉर्न वाजला, मी गेले नाही. शेवटी उतरून आले. "दोन पानं द्या," म्हणाले आणि मोबाइलवर एका पेनकिलरचा फोटो दाखवला.

मी विचारलं, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी. खांदा धरलाय."

"तुम्हाला शुगर आहे ना? तुमच्या शुगरच्या गोळ्या इथूनच जातात."

"मग?"

"मग ही गोळी अशी मनाने घेऊ नका. डॉक्टरांना विचारा. आणि किडनीची तपासणी कधी केली होती शेवटची?"

साहेबांच्या मागे चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर एका मेडिकलवाल्या बाईने साहेबांना किडनी विचारली! ते लालबुंद झाले. म्हणाले, "मॅडम, एक लक्षात ठेवा. मी ग्राहक आहे, पेशंट नाही."

आणि चार दुकानं सोडून पलीकडच्या मेडिकलमध्ये गेले. त्याने दोनाऐवजी चार पानं दिली. मला दिसत होतं इथून. तो दुकानदार वर मला भेटल्यावर हसत म्हणतो, "तुम्ही असंच विचारत राहा ताई, माझं बरं चाललंय." याच्या भिंतीवरच्या सर्टिफिकेटमधला माणूस मी आजपर्यंत पाहिलेला नाही.

*

आबांकडे वळू.

आबा शुगर तपासायला नाही म्हणत नाहीत. शुगर तपासणं हा त्यांच्या दृष्टीने परीक्षेला बसण्याचा प्रकार आहे आणि परीक्षेत कॉपी करायची असते. तपासणीच्या दोन दिवस आधीपासून नुसतं कारलं. भाकरी अर्धी. गोड बंद, भात बंद, बटाटा बंद. संध्याकाळी पांझरा नदीच्या काठाने दोन फेऱ्या. मग रिपोर्ट असा झकास यायचा की आबा तो पेपरात घालून गल्लीभर दाखवत फिरायचे. पुढच्या रविवारी आखाजीचा सण असल्यासारखा आमरस ओरपायचे.

मी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर लिहून दिली. आबांनी नेहमीप्रमाणे दोन दिवस कारलं खाल्लं आणि रुबाबात रक्त देऊन आले.

रिपोर्ट आला. आबा स्टुलावर बसून बराच वेळ तो कागद उलटासुलटा करत होते.

"हाई काय शे?" त्यांनी आमच्या अहिराणीत विचारलं.

"तीन महिन्यांत तुम्ही काय काय खाल्लं, ते सगळं यात येतं आबा."

"बठ्ठं येस?"

"बठ्ठं."

आबांनी कागदाची घडी घातली. "डॉक्टर चांगला शे," म्हणाले, "पन त्यानं मशीन चुगलखोर शे."

आता यात हसण्यासारखं काय आहे? चौदा वर्षं हा माणूस डॉक्टरांना फसवत होता असं त्याला वाटत होतं. आत किडनी सोसत होती, तिला कारल्याचा हिशोब कुठे कळतो. मी त्या दिवशी आबांशी बोलले नाही. त्यांच्या हे लक्षातही आलं नाही, ते पेपर वाचत होते.

*

शिरपूरकडचे एक केळीवाले भाऊ आहेत. डॉक्टरांनी त्यांना शुगरच्या गोळ्यांबरोबर बीपीची एक गोळी दिलेली. ती गोळी बीपी तर सांभाळतेच, शुगरच्या माणसाच्या किडनीलाही जपते, म्हणून मुद्दाम दिलेली. दोन महिने भाऊ आलेच नाहीत. आले तेव्हा फक्त शुगरच्या गोळ्या मागितल्या.

"बीपीची?"

"ती बंद करी टाकी. बीपी नॉर्मल शे मनं."

"भाऊ, गोळी खात होता म्हणून नॉर्मल आहे."

"मंग आते नॉर्मल व्हयी गयं ना. आते काबर खावानी?"

मी समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात स्टुलावरून आबा बोलले, "बराबर बोलस तो."

माझं डोकं सणकलं. मी भाऊंना बाजूला ठेवलं आणि आबांकडे वळले. "आबा, तुम्ही बत्तीस वर्षं गाडी चालवली. उतारावर गाडी नीट चाललीय म्हणून ब्रेकवरचा पाय काढून घेतलात का कधी?"

आबांनी पेपर खाली घेतला. अगदी शांतपणे म्हणाले, "एसटीले ब्रेक कोठे ऱ्हातस?"

केळीवाले भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या हसण्यात माझा सगळा मुद्दा वाहून गेला. गोळी त्यांनी नेली नाही. मी त्यांच्या मुलाचा नंबर घेतला, त्याला फोन केला, तो येऊन गोळी घेऊन गेला. मुलगा समजूतदार आहे. पण फोन मी का करायचा? माझ्याशिवाय एवढ्या साखळीत कोणालाच तोंड नाही का?

*

साक्रीकडचे एक नाना वर्षभर शुगरच्या गोळ्या नेत होते. एकदम बंद झाले. रस्त्यात भेटले तर म्हणाले, शुगर मुळातून गेली. आठवडे बाजारात एक जण पुड्या देतो. महिनाभर सकाळ-संध्याकाळ पाण्यातून घेतली की काम झालं.

मी म्हटलं, एक पुडी आणून दाखवा. त्यांनी खरंच आणली. जुन्या पेपरात बांधलेली राखाडी पूड. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही.

हेच नाना, बरं का! माझ्याकडून गोळ्या घेताना दर वेळी विचारायचे, याने पोट बिघडत नाही ना, केस गळत नाहीत ना, सवय लागत नाही ना. मी प्रत्येक वेळी न कंटाळता उत्तर द्यायची. आणि ही राख महिनाभर पोटात घालताना एक प्रश्न विचारला नाही.

"नाना, यात काय काय आहे माहीत आहे का? यात एखादा धातू असेल, नाहीतर दुखण्याच्या गोळ्या कुटून टाकलेल्या असतील. किडनीवर केवढा ताण येईल. याचे साइड इफेक्ट कोण सांगणार?"

नानांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "ताई, त्यावर काही लिखेलच नही ना. मंग साइड इफेक्ट कोठून येतीन?"

पुडी मी ठेवून घेतली. नाना दुसरी आणायला गेले असतील.

*

सगळेच असे असते तर मी केव्हाच दुकान बंद करून साड्या विकायला बसले असते. पण एक रफीकचाचा आहेत. यंत्रमागावर काम करतात. दहा वर्षांची शुगर. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात. रोजे सुरू व्हायच्या महिनाभर आधी येऊन विचारतात, सहरीला कोणती गोळी, इफ्तारला कोणती, डॉक्टरांना काय विचारू.

त्यांना मी एकदाच सांगितलं, "चाचा, लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या." दुसऱ्या दिवशी चाचा लॅबच्या दारात. लॅबवाला म्हणाला, चिठ्ठीवर लिहिलेलं नाही. चाचा डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काही त्रास आहे का? चाचा म्हणाले, नाही. मग कशाला, जा घरी. चाचा परत माझ्याकडे. मी परत पाठवलं. असे तीन हेलपाटे. एका माणसाची एक दिवसाची मजुरी बुडते दर वेळी.

शेवटी मीच डॉक्टरांना फोन लावला. हे आबांचे डॉक्टर नव्हेत, दुसरे. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही गोळ्या द्या ना. तपासण्या आम्ही बघतो."

"तेच म्हणतेय सर," मी म्हटलं, "बघा."

पलीकडून पॅड ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पाठवा उद्या, लिहून देतो."

चाचांच्या लघवीत प्रोटीन निघालं. थोडंच, अगदी सुरुवात. डॉक्टरांनी गोळी बदलली, मीठ कमी करायला लावलं, सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तर आकडा खाली आलेला. वेळेवर कळलं म्हणून चाचांची किडनी आज शाबूत आहे. एवढंच तर हवं असतं मला.

चाचा रिपोर्ट दाखवायला आले तेव्हा आबा स्टुलावर होते. मी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवला. आबा पेपरच्या आड. चाचांनी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि म्हणाले, "दीदी, अजीब है. जो खुद चल के आता, उसको सब भगाते. और जो नहीं आता, उसके पीछे आप भागते."

*

तर आबा.

चाचा गेल्यावर मी दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि आबांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, आज मला खरं कारण सांगा. सुईला घाबरत नाही, रिपोर्टला घाबरत नाही, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहूनही दिलंय. मग लघवीला काय होतंय?

आबांनी पेपर मांडीवर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "तो लॅबवाला कोन शे, तुले माहीत शे का?"

"कोण आहे?"

"मना व्याहीना पुतन्या. सूनना चुलतभाऊ. त्याना हातमा मी बाटली देसू? उद्या लगीनमा तो मना शेजारे पंगतले बसना, ते मनाकडे दखीसन त्याले काय याद ई?"

दोन वर्षं! दोन वर्षं मी या माणसाला किडनी, प्रोटीन, डायलिसिस, काय काय समजावत होते. पहूरच्या गुरुजींची गोष्ट तर दहा वेळा सांगून झाली होती. आणि अडलं कुठे होतं, तर व्याह्यांच्या पंगतीत! मला इतका संताप आला की त्यातच तोडगाही सुचला. मी म्हटलं, "आबा, तुम्ही लॅबमध्ये जाऊच नका. सकाळची पहिली लघवी घरीच बाटलीत भरा, मला आणून द्या. मी पोचवते. तुमचं नाव नुसतं चिठ्ठीवर."

आबांना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का आल्या. अक्का म्हणजे आबांची बायको. आबांच्या गोळ्या न्यायला त्याच येतात, कोणती जेवणाआधी, कोणती नंतर, सगळं त्यांना पाठ. कापडी पिशवीत मेथीची जुडी आणि जुडीच्या खाली बाटली. कोणाला दिसू नये म्हणून. मी स्वतः जाऊन लॅबमध्ये दिली. व्याह्यांच्या पुतण्याने नाव वाचलं, "अरे, आमच्या आबांची का?" म्हणाला आणि बाटली रांगेत ठेवून दिली. संपला विषय.

संध्याकाळी रिपोर्ट आला. प्रोटीन भरपूर होतं. चाचांसारखं थोडं नव्हतं.

मी रिपोर्ट हातात घेऊन तशीच आबांच्या घरात शिरले. आबा टीव्ही बघत होते, अक्का मेथी निवडत होत्या. मी चिडले होते आणि सगळी भडास काढली. म्हटलं, बघा, बसा आता व्याह्यांच्या पंगतीत. चौदा वर्षं कारल्याच्या कॉप्या केल्यात, दोन वर्षं मला फिरवलंत, इतका उशीर केलात की आता डॉक्टरांनाही धावाधाव करावी लागेल. उद्या सकाळी दवाखान्यात चला, मी सोबत येते.

आबांचा चेहरा उतरला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि अक्कांकडे बघितलं. अक्कांनी माझ्याकडे.

"त्यासले कसाले बोलस, माय," अक्का म्हणाल्या. "ती बाटली मी भरेल शे."

"काय?"

"दोन दिन घरमा नुसती कटकट. या बाटली भरेत ना. मी म्हनी, माले काही शुगर नही, काही नही. मनी भरी देस, रिपोर्ट चांगला ई, तूबी गप्प बसशी, याबी गप्प बसतीन."

म्हणजे रिपोर्टमधलं ते प्रोटीन अक्कांचं होतं. मी दुकानात गेले, शुगर तपासायचं मशीन घेऊन परत आले आणि अक्कांच्या समोर बसले. त्यांनी मेथीचे हात पदराला पुसले आणि बोट पुढे केलं. सुई टोचताना त्या हसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच टोचून घेतेय, म्हणाल्या.

मशीनवर आकडा आला. मी तो आबांपुढे धरला. आबांनी चष्मा लावला, आकडा पाहिला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिला.

अक्का बोटावरचा कापूस दाबून धरून माझ्याकडे बघत होत्या.

"यासनापेक्षा कमीच व्हई ना?" त्यांनी विचारलं.